अम्मी, नदी आणि निळ्या झेंड्याची बोट

आपल्या मध्यमवर्गीय घरांत सफर म्हटली की तीन कारणे ठरलेली असतात : उमरा, लग्न आणि दवाखाना. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात चौथ्या कारणाची भर पडली आहे, ती म्हणजे निव्वळ फिरणे. मुले शिकली, घरात दोघे कमावू लागले, विमानाची तिकिटे आवाक्यात आली आणि आपल्या मोहल्ल्यांतली कुटुंबेही दुबई, मलेशिया, बँकॉकला जाऊ लागली. चांगलीच गोष्ट आहे. दुनिया पाहिल्याने माणूस नम्र होतो, हे मी वर्गातही सांगत असते.

पण या फिरण्यात घरातला एक माणूस नेहमी मागे राहतो. घराच्या किल्ल्या त्याच्याकडे, कुंड्यांना पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे, आणि "तुम्हाला झेपणार नाही हो" हे वाक्यही त्याच्याच वाट्याला. तो माणूस म्हणजे आपले बुजुर्ग. मागच्या काही महिन्यांत तीन-चार वाचक भगिनींनी मला हाच प्रश्न विचारला : सासू-सासऱ्यांना, आई-वडिलांना परदेशी न्यायचे मनात आहे, पण गुडघे, दम, औषधे, नमाजच्या वेळा आणि खाण्याचे प्रश्न, यांचे काय करायचे? या महिन्याचे सदर त्यांच्यासाठी. उत्तर एका नदीवर सापडले, म्हणून नदीबद्दलच लिहिते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण बँकॉकला गेलो. मी, माझे पती, अकरावीतली लेक, सातवीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. घरात आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, मुले दादी म्हणतात. दोन्ही गुडघे दुखरे, चालताना काठी, बाकी तब्येत अल्लाहच्या कृपेने बरी. पहिले दोन दिवस सहल कंपनीच्या बसबरोबर होते. सकाळी साडेसातला हजर, प्रत्येक ठिकाणी पंचेचाळीस मिनिटे, मग शिट्टी आणि पुन्हा बसमध्ये. तीन ठिकाणी अम्मी बसमधून उतरल्याच नाहीत. उतरायला दहा मिनिटे, चढायला दहा मिनिटे, मधे उरते काय? दुसऱ्या रात्री त्या म्हणाल्या, "उद्या तुम्ही जा. मी खोलीत तस्बीह पढत बसते. माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतो."

तिसरा दिवस मोकळा होता. पतींचे मत होते की अम्मींना आराम करू द्यावा. माझे मत होते की त्यांना नदीवर न्यावे. पतींची काळजी खोटी नव्हती. हलत्या बोटीत चढताना पाय घसरला तर परक्या मुलुखात काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी ठरले ते असे : सगळ्यांनी धक्क्यावर जायचे, बाकावर बसायचे, एक बोट येताना आणि जाताना पाहायची, आणि मग चढायचे की नाही हे अम्मींनी ठरवायचे. आम्ही दोघांनीही नाही.

बँकॉकच्या मधून चाओ फ्राया नावाची नदी वाहते. थायलंडच्या उत्तरेकडून येणाऱ्या पिंग आणि नान या नद्या नाखोन सावन येथे एकत्र येतात, तिथून तिला हे नाव मिळते, आणि सुमारे ३७० किलोमीटर वाहून ती थायलंडच्या आखाताला मिळते. थाई भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. 'मे' म्हणजे आई, 'नाम' म्हणजे पाणी. आपल्याकडे नदीला माय म्हणतात, तशीच ही पाणीमाय. शहराची जुनी वस्ती, राजवाडा, बाजार, देवळे, मशिदी, चर्च, सगळे या नदीच्या काठाशी उभे आहे, कारण एके काळी नदी हाच येथला हमरस्ता होता. म्हणून बँकॉक रस्त्यावरून पाहिले तर वाहतूक कोंडी दिसते, आणि नदीवरून पाहिले तर शहर दिसते.

नदीवर बऱ्याच प्रकारच्या बोटी चालतात आणि त्या झेंड्याच्या रंगाने ओळखायच्या. नारिंगी झेंड्याची बोट ही तिथल्या लोकांची रोजची बोट. नोकरदार, विद्यार्थी, भाजीवाल्या बायका यांची. तिचे तिकीट आम्ही गेलो तेव्हा १६ बाथ होते, कुठेही उतरा. एक बाथ तेव्हा साधारण अडीच रुपयांना पडत होता. निळ्या झेंड्याची बोट प्रवाशांसाठी आहे. तिचा दिवसभराचा पास आम्हाला १५० बाथला पडला. तो घेतला की दिवसभर हव्या त्या धक्क्यावर उतरायचे, हवा तितका वेळ थांबायचे आणि मागून येणाऱ्या बोटीत पुन्हा चढायचे. साधारण अर्ध्या तासाने बोट येते. भाव बदलत असतात, म्हणून धक्क्यावरच्या खिडकीवर विचारून घ्यावे. सुरुवात साथोर्न धक्क्यावरून करावी, कारण तिथे वरून जाणाऱ्या रेल्वेचे सफान ताकसिन हे स्टेशन अगदी लागून आहे.

आता अम्मींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठचे. लहानपणी बाजार, दवाखाना, लग्न, सगळीकडे तरीने किंवा लाँचने जाणे. घरातले पुरुष जहाजावर खलाशी. लग्नानंतर त्या मुंबईच्या उपनगरात आल्या आणि पन्नास वर्षे चाळ, मग फ्लॅट, एवढेच पाणी त्यांनी पाहिले, म्हणजे नळाचे.

साथोर्नच्या धक्क्यावर त्या बाकावर बसल्या आणि पाच मिनिटांत त्यांचा चेहरा बदलला. धक्का तरंगता होता आणि काठापासून धक्क्यापर्यंत उतरती फळी होती. त्या फळीकडे आणि खांबांवरच्या ओल्या खुणांकडे पाहून त्या म्हणाल्या, "ओहोटी लागलीय. सकाळी पाणी वर होतं." मुलगा म्हणाला, "दादी, ही तर नदी आहे. नदीला कुठे भरती-ओहोटी असते?" मग त्या नातवाला समजावू लागल्या. समुद्र जवळ असला की नदीही त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होते. बँकॉकला समुद्र जवळ आहे आणि शहर समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम उंच आहे, म्हणून इथे नदीला भरती-ओहोटी असते. भूगोलाच्या पुस्तकात हे आहे, पण पुस्तकातून ते मुलाच्या डोक्यात गेले नव्हते.

तेवढ्यात बोट आली. खलाशाने उडी मारून दोर खुंट्याला टाकला, बोट धक्क्याला टेकली, लोक उतरले. अम्मी बारकाईने पाहत होत्या. म्हणाल्या, "ही धक्क्याला चिकटते. आमची तर एवढीपण थांबायची नाही. चला." आणि त्या उठल्या. खलाशाने न सांगता हात पुढे केला. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, त्याचा दंड धरला आणि चढल्या.

बोट उत्तरेकडे निघाली. पाणी तपकिरी आणि भरलेले होते. पावसाळा नुकताच संपलेला असतो, म्हणून त्या दिवसांत नदी फुगलेली असते. जलपर्णीचे हिरवे तराफे वाहत येत होते. ही वनस्पती थायलंडची नव्हे, शंभरेक वर्षांपूर्वी शोभेसाठी जावाहून आणली आणि मग आवरेनाशी झाली. थाई लोक तिला आजही जावाचा पाला अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

धक्क्यांची नावे ऐकताना मुलांना गंमत वाटू लागली. एक धक्का राचावोंग, म्हणजे आपला राजवंश. एक वात अरुण. एक था महाराज. शेवटचा फ्रा आर्थित, म्हणजे आदित्य, सूर्य. थाई भाषेत संस्कृत आणि पालीचे शब्द खच्चून भरले आहेत. खुद्द शहराला थाई लोक बँकॉक म्हणत नाहीत, क्रुंग थेप म्हणतात, आणि त्यातला 'थेप' म्हणजे देव. उर्दू शिकवणारी मी, त्यामुळे फारसी शब्द शोधत होते. तेही मिळाले. पाक ख्लोंग तलात या धक्क्यावर रात्रंदिवस चालणारा फुलबाजार आहे. तिथे गुलाबाला 'कुलाप' म्हणतात, तो फारसी गुलाबच. गोऱ्या माणसाला 'फारांग' म्हणतात, तो आपला फिरंगी. शब्द कोणत्या मार्गाने आले? याच नदीने, गलबतांत बसून.

फुलबाजारात अम्मी उतरल्या. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. त्यांनी वीस बाथचे मोगऱ्याचे गजरे घेतले, नातीच्या केसांत एक, माझ्या केसांत एक. अर्धा तास बसल्या, पाणी प्यायल्या आणि पुढच्या बोटीत चढल्या. घाई करणारे कोणी नव्हते.

राचावोंगला मात्र आम्ही उतरलो नाही. तो चायनाटाऊनचा धक्का. १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने राजधानी नदीच्या पश्चिम काठावरून पूर्व काठावर आणली, तेव्हा आजच्या राजवाड्याच्या जागी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला हलवून सांपेंगला जागा दिली, तेच आजचे चायनाटाऊन. त्याच्या समोरच्या काठावर, ख्लोंग सान भागात, आपल्या ओळखीची माणसे होती. सुरतेकडून कापडाचा व्यापार करायला आलेल्या गुजराती मुसलमानांनी तिथे मशिदी बांधल्या. एकीला लोक पांढरी इमारत आणि दुसरीला लाल इमारत म्हणतात. पांढरी दाऊदी बोहरा जमातीची. सुरतेकडच्याच अशा एका घराण्याचे आडनाव नाना. बँकॉकमध्ये आज नाना नावाचा आख्खा भाग आहे आणि रेल्वे स्टेशनही आहे. आमच्या मुलाला आधी वाटले की हे कुणाच्या तरी अम्मीच्या अब्बांचे स्टेशन आहे!

मग आले वात अरुण, पश्चिम काठावरचे उंच शिखराचे प्रसिद्ध बौद्ध मंदिर. चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेले, उन्हात चमकणारे. मुले आणि पती ते पाहायला गेले. अम्मी धक्क्याच्या सावलीत बसल्या आणि मी त्यांच्याजवळ. कंपनीच्या बसमध्येही त्या मागे बसल्या होत्या आणि इथेही मागेच बसल्या. पण बसमध्ये त्या काचेआड, इंजिनाच्या गुरगुरीत, सगळे परत कधी येतात याची वाट पाहत होत्या. इथे समोर नदी होती. रेतीचे पडाव एकामागे एक बांधून ओढणारी छोटी टगबोट जात होती, आणि त्या मला सांगत होत्या की तांडेलाने वळण कसे घेतले, मागचा पडाव का लांब फेकला जातो. त्या मागे राहिल्या नव्हत्या. त्यांनी जागा निवडली होती.

याच ठिकाणी नदीचे एक गुपित आहे. वात अरुणसमोरून आपण जी रुंद नदी पाहतो, ती मुळात नदी नव्हतीच. जुनी नदी पश्चिमेकडे मोठा वळसा घेऊन जात असे. जहाजांचा वेळ वाचावा म्हणून अयुथ्थयाच्या राजांच्या काळात, सोळाव्या शतकात, वळशाच्या दोन टोकांमधून सरळ कालवा खणला. पाण्याला सरळ वाट मिळाली, कालवा रुंदावत गेला आणि तोच मुख्य नदी झाला. जुना वळसा अरुंद होऊन बँकॉक याई आणि बँकॉक नोई या कालव्यांच्या रूपाने उरला. माणसाने खणलेला चर नदी झाला आणि नदी कालवा झाली.

त्या जुन्या वळशावर, बँकॉक याई कालव्याच्या काठी, शहरातली सर्वांत जुनी समजली जाणारी तोन सोन मशीद आहे. बँकॉक राजधानी होण्याच्या आधीपासूनची, अयुथ्थया काळातली. १७६७ मध्ये बर्मी फौजांनी अयुथ्थया जाळले. मग तकसिन राजाने या पश्चिम काठावर थोनबुरी येथे राजधानी केली. त्याच्या दरबारात चाओ फ्राया चक्री ही मोठी पदवी असलेला सेनानी मुसलमान होता. तो याच मशिदीच्या कब्रस्तानात दफन आहे. टुकटुक करून आम्ही सगळे तिथे गेलो आणि जोहर पढलो. मुसाफिरासाठी कस्र असल्याने वेळेचा ताण नव्हता. आग्नेय आशियात मशिदीत स्त्रियांसाठी नमाजची जागा असणे ही नेहमीची गोष्ट आहे, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. वाटेत जागा कुठे मिळेल, या चिंतेने बऱ्याच जणी घराबाहेरच पडत नाहीत.

कालव्याच्या पलीकडे बांग लुआंग मशीद आहे. ती पाहून माझ्या लेकीने विचारले, "अम्मी, हे मंदिर आहे ना?" घुमट नाही, मिनार नाही. थाई पद्धतीचे उतरते छप्पर, दर्शनी बाजूला वेलबुट्टीचे त्रिकोणी नक्षीकाम, पांढऱ्या भिंती. लोक तिला पांढरी कुदी म्हणतात. तिला तीस खांब आहेत, ते कुराणाच्या तीस पाऱ्यांचे, आणि दारे-खिडक्या मिळून तेरा आहेत, ते नमाजच्या अरकानांचे, असे तिथले लोक सांगतात. मी लेकीला एवढेच म्हटले की मशीद सजदा करण्याच्या जागेला म्हणतात, छपराच्या आकाराला नाही. तिथल्या मुसलमानांनी छप्पर तिथल्या पावसाचे आणि तिथल्या सुताराचे घेतले. त्यांचा दीन त्यामुळे कमी झाला नाही, आणि ते त्या मातीला परकेही राहिले नाहीत.

या देशात मुसलमान केवळ दक्षिणेकडच्या मलय भागातून आले असे नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या कुम शहरातून शेख अहमद नावाचे व्यापारी अयुथ्थयाला आले आणि राजाच्या दरबारात मोठ्या पदाला पोहोचले. देशातल्या मुसलमानांच्या प्रमुखाचे चुलाराजमोंत्री हे पद त्यांच्यापासून सुरू झाले असे मानतात, आणि ते पद आजही आहे. त्यांच्याच वंशातले, पुढे बौद्ध झालेले बुन्नाग घराणे इतके वजनदार झाले की राजा चुलालोंगकोर्न अल्पवयीन असताना, १८६८ ते १८७३ या काळात, राज्याचा कारभार त्याच घराण्यातल्या माणसाने पाहिला. थाई जेवणातले 'मसामान' हे वेलची-दालचिनी घातलेले कालवण जगभर आवडीने खाल्ले जाते. ते नाव 'मुसलमान' या शब्दावरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पुन्हा बोटीत बसलो. डाव्या हाताला मोठमोठ्या इमारती दिसू लागल्या. अम्मींनी विचारले, "हे कसलं?" ते सिरिराज रुग्णालय, थायलंडमधले सर्वांत जुने आधुनिक रुग्णालय. माझ्या पतींनी मुलांसाठी त्याची हकीकत सांगितली. राजा चुलालोंगकोर्नचा सिरिराज नावाचा लहानगा मुलगा १८८७ मध्ये हगवणीने गेला. दीड वर्षाचा होता. राजवाड्यात सगळे असूनही मूल वाचले नाही. त्या दुःखातून राजाने पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, सामान्य लोकांसाठी हे रुग्णालय उघडले आणि त्याला मुलाचे नाव दिले.

अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी एक मुलगी होती. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. बाळंतपणानंतर माहेरीच होते मी. सहा महिन्यांची झाली आणि तिला हगवण लागली. दवाखाना खाडीच्या पलीकडं. ओहोटी होती, पाणी नव्हतं, लाँच लागेना. भरतीची वाट बघत धक्क्यावर बसलो." एवढेच. माझ्या पतींना बहीण होऊन गेली हे माहीत होते, पण कशी, हे त्यांनी कधी विचारले नव्हते आणि अम्मींनी कधी सांगितले नव्हते. मुलांच्या दादीने ते नदीवर, सगळ्यांसमोर, साध्या आवाजात सांगितले. नाव विचारल्यावर म्हणाल्या, "जैनब." माझ्या लेकीने त्यांचा हात धरला आणि फ्रा आर्थितपर्यंत सोडला नाही.

मी शिक्षिका आहे, म्हणून असे वाटते की माणसाला बोलते करायला कधी कधी जागा लागते. फ्लॅटच्या दिवाणखान्यात टीव्ही चालू असतो. बसमध्ये शिट्टी असते. त्या बोटीवर पाणी होते आणि घाई नव्हती.

फ्रा आर्थित हा शेवटचा धक्का. तिथे जुन्या पांढऱ्या किल्ल्यासमोर रोटी आणि मताबा मिळणारे मुस्लिम हॉटेल आहे. मताबा म्हणजे खिम्याचे सारण भरून तव्यावर भाजलेली रोटी. आम्ही मताबा आणि मसामान खाल्ले. खाण्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, थायलंडमध्ये केंद्रीय इस्लामी समितीची हलाल खूण दुकानांवर आणि पाकिटांवर अरबी अक्षरांत असते, ती पाहूनच घ्या. दोन, शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतही डुकराची चरबी किंवा रस्सा असू शकतो, म्हणून केवळ "मांस नको" म्हणून भागत नाही. डुकराला थाईत 'मू' म्हणतात. पण खात्रीचे ठिकाण असेल तर उत्तम, आणि नदीकाठी मशिदींच्या आसपास ते मिळतेच.

परतीला आम्ही नारिंगी बोटीने आलो, मुलांचा हट्ट म्हणून. ही बोट धक्क्यावर क्षणभरच थांबते आणि संध्याकाळी गर्दी असते, म्हणून चारच्या आत निघालो. मागच्या टोकाला उभा खलाशी शिट्टीने पुढच्या चालकाला खुणा करतो : पुढे घे, मागे घे, दोर टाकला, सुटली. मुलाने दहा मिनिटांत ती भाषा ओळखायला सुरुवात केली. बोटीत बौद्ध भिक्खूंसाठी राखीव जागा असते आणि स्त्रियांनी त्यांना स्पर्श होऊ नये याची काळजी घ्यायची असते. आम्ही तिथून बाजूला सरकून उभे राहिलो तेव्हा एका वृद्ध भिक्खूने मान लववली. एका मुलीने उठून अम्मींना जागा दिली.

ओरिएंटल धक्क्यावर उतरले की पाच मिनिटांवर हारून मशीद आहे. एकोणिसाव्या शतकात इंडोनेशियाच्या बेटांकडून आलेल्या अरब वंशाच्या व्यापारी कुटुंबाने ती वसवली. पुढे नदीकाठी सरकारी जकात कचेरी बांधायची ठरली तेव्हा मशिदीला आत जागा दिली. जवळच कॅथलिक चर्च आहे. असरची नमाज तिथे झाली. अंगणात एक थाई आजी बसल्या होत्या. त्यांना आपली भाषा येत नव्हती, अम्मींना त्यांची. सलाम झाला, मग दोघींनी बोटांवर नातवंडे मोजून दाखवली. थाई लोक आपल्याकडच्या आणि मलय, अरब माणसांना 'खेक' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. त्या दिवशी तो आम्हाला आवडला.

ज्यांना असा दिवस ठरवायचा आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी सांगते. पहिली, बुजुर्गांना बोटीत चढवण्याआधी एक बोट पाहू द्या आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. दुसरी, सगळे धक्के करायचे असा हट्ट नको. त्यांतले चार पुरेत. तिसरी, राजवाडा पाहायचा असेल तर तो सकाळी करा. दुपारी साडेतीनला तिकिटे बंद होतात आणि एका माणसाचे तिकीट ५०० बाथ आहे. अंग झाकणारे कपडे लागतात, त्यामुळे आपल्या बायकांना तिथे अडचण येत नाही. चौथी, राजवाड्याजवळ कोणी गोड बोलून "आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणाला तर ऐकू नका. तो दागिन्यांच्या दुकानात नेतो. पाचवी, छत्री, पाणी, औषधे आणि नमाजसाठी हलकी चटई सोबत ठेवा.

आणि परदेश परवडणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याच देशात कोचीला एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली आहे. विजेवर चालणाऱ्या बोटी, तरंगते धक्के, व्हीलचेअरसाठी सोय, आणि तिकीट आपल्या लोकल-बसच्या हिशोबात बसणारे. कोचीही मसाल्याच्या व्यापाराचे, अनेक धर्मांच्या माणसांचे जुने बंदर आहे. तिथेही नदी-खाडीवरून शहर पाहता येते.

आमच्या घरी आता उन्हाळ्यासाठी कोचीचा बेत चालला आहे. या वेळी तारखा अम्मी ठरवत आहेत. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चांद पाहून भरतीचे दिवस खुणेने टिपले आहेत, आणि माझ्या लेकीने तिच्या वहीत खानदानाचा वंशवृक्ष काढताना तिच्या अब्बांच्या नावाशेजारी जैनब हे नाव लिहिले आहे.

तुमच्या घरातल्या बुजुर्गांना कुठे जायला आवडेल, हे या आठवड्यात एकदा विचारून पाहा. उत्तर मिळाले तर मलाही कळवा.